उंद्रीच्या निकषावर यंत्रवृत्त : उत्तरदायित्वाच्या कल्पनेचे एक परीक्षण

वृत्तपत्रे आणि नभोवाणी यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर जबाबदारीने करावा, या विधानाशी आज कोणाचाही मतभेद दिसत नाही. परंतु ज्या विधानावर एकमत इतक्या सहज होते, त्याचा अर्थ बहुधा पुरता तपासलेला नसतो. ‘जबाबदार’ हे पद सापेक्ष आहे. कोणीतरी, कोणालातरी, कशाबद्दल तरी जबाबदार असतो. या विषयावरील संहितांत वृत्तसंस्था आणि वृत्त या दोन पदांचा विचार पुष्कळ झाला आहे. ज्याला उत्तर द्यावयाचे तो वाचक वा श्रोता मात्र बहुधा अध्याहृतच राहतो. प्रस्तुत टिपणात त्या श्रोत्याला एक निश्चित ठिकाण देऊन काही उदाहरणांचे परीक्षण करावयाचे आहे. ते ठिकाण म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील उंद्री हे गाव.

ही निवड यदृच्छेने केलेली नाही. उंद्री या नावाचे दुसरे गाव पुण्याच्या दक्षिणेस आहे. ते २०१७ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले आणि तेथील गृहसंकुले, रस्ते व पाणीपुरवठा यांविषयीचा मजकूर सतत प्रसिद्ध होत असतो. भाषेचे यंत्र शब्दाचा अर्थ अनुभवाने जाणत नाही. त्याला पुरविलेल्या मजकुरात तो शब्द कोणत्या शब्दांच्या संगतीत वारंवार येतो, यावरून ते पुढचा शब्द ठरविते. त्यामुळे नुसते ‘उंद्री’ म्हटले असता यंत्राचा कल पुण्याकडे झुकावा, हे त्याच्या रचनेतूनच येते. त्यात ‘बुलडाणा’ आणि ‘बुलढाणा’ अशी जिल्ह्याच्या नावाची दोन्ही लेखने छापील मजकुरात रूढ आहेत, म्हणजे आधीच तुटपुंज्या असलेल्या मजकुराचे आणखी दोन वाटे होतात. उपसंपादकाकडूनही असा घोटाळा होऊ शकतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याला संशय येऊ शकतो आणि संशय आला की तो तालुक्याच्या बातमीदाराला विचारू शकतो. यंत्राचे वाक्य ज्ञान असो वा नसो, सारख्याच ठाम सुरात उतरते.

आता प्रत्यक्ष प्रयोगाकडे वळू. दूरदर्शनच्या किसान वाहिनीने २६ मे २०२४ रोजी, आपल्या नवव्या वर्धापनदिनी, ‘कृष’ आणि ‘भूमी’ असे दोन यंत्रनिर्मित वृत्तनिवेदक पडद्यावर आणले. ते वर्षाचे सर्व दिवस अहोरात्र न थकता बातम्या वाचू शकतात आणि पन्नास भाषांत बोलू शकतात, असे त्यांचे वर्णन करण्यात आले. बाजारभाव, हवामान, शेतीसंशोधन आणि शासकीय योजना हे त्यांचे विषय. या प्रयोगाची हेटाळणी करण्याचे कारण नाही. नभोवाणीचा निवेदक आपणच लिहिलेली बातमी वाचत असे, असा समज खरा नव्हे. तो संपादकाच्या मजकुराला आवाज देत असे. त्या अर्थाने उसना आवाज ही नभोवाणीची जुनीच परंपरा आहे. मुद्दा आहे तो प्रशंसेसाठी निवडलेल्या गुणांचा. न थकणे आणि पुष्कळ भाषा बोलणे हे उत्पादनाचे गुण आहेत. शेतकऱ्याला निवेदकाच्या थकव्याची कधी अडचण झाली नव्हती. त्याची अडचण अशी, की सांगितलेला भाव कोणत्या बाजाराचा, कोणत्या दिवसाचा, आणि तो चुकला तर विचारावे कोणाला. या तीन प्रश्नांना त्या प्रशस्तीत उत्तर नाही.

बाजारभावाचेच उदाहरण थोडे विस्ताराने पाहणे उपयुक्त होईल. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या दरपत्रकात आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे वेगवेगळे रकाने असतात. कमाल दर हा पुष्कळदा मोजक्याच उत्तम मालाला मिळालेला असतो. सारांश करणाऱ्या यंत्राने तोच ‘आजचा भाव’ म्हणून उचलला, तर वाक्यातील आकडा खरा आणि बातमी खोटी, असा प्रकार घडेल. हमीभावाचेही तसेच आहे. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामासाठी क्विंटलला ४,८९२ रुपये होता, तर २०२५-२६ साठी तो ५,३२८ रुपये झाला. नव्या हंगामाच्या बातमीत जुना आकडा शिरला, तर क्विंटलमागे ४३६ रुपयांचा फरक पडतो. वृत्तकक्षात ही एक किरकोळ दुरुस्ती ठरेल. ज्याच्या घरी तीस क्विंटल सोयाबीन पडून आहे, त्याच्या हिशेबात ती तेरा हजारांहून अधिक रुपयांची चूक आहे. चुकीचे वजन ती करणाऱ्याच्या तराजूत हलके आणि ती सोसणाऱ्याच्या तराजूत जड भरते.

तथापि सर्व दोष यंत्राच्या माथी मारणे हा सत्याचा अपलाप होईल. जानेवारी २०२५ मध्ये याच जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड आदी गावांतील अनेक लोकांचे केस अचानक गळू लागले. आरोग्य पथके आली, पाण्याचे व त्वचेचे नमुने घेण्यात आले; प्रारंभी बुरशीजन्य संसर्गाचा तर्क झाला, मग पाण्यातील नायट्रेटकडे लक्ष गेले, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे तज्ज्ञही येऊन गेले. पुढे फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी शिधावाटप दुकानांतील गव्हात आढळलेल्या सेलेनियमच्या अतिरिक्त प्रमाणाकडे लक्ष वेधले. परंतु या सर्व तपासाच्या आधीच ‘टक्कल व्हायरस’ हे नाव मराठी बातम्यांत रूढ होऊन गेले होते. कोणताही विषाणू सिद्ध झालेला नसताना हे नाव माणसांनीच दिले. त्यात कोणत्याही यंत्राचा हात असण्याची गरज नव्हती.

यंत्राचा प्रश्न यानंतर सुरू होतो. तो मजकूर संग्रहात तसाच राहतो आणि यंत्राला पुरविल्या जाणाऱ्या साहित्याचा भाग बनतो. आरंभीचा तर्क, मधला संशय आणि नंतरचे संशोधन यांतील कालक्रम माणूस लक्षात ठेवतो. यंत्राच्या सारांशात ही तिन्ही एकाच पातळीवर येऊन बसण्याचा धोका आहे, आणि जे नाव अधिक वेळा छापले गेले त्याचेच पारडे तेथे जड होते. दुसरी हानी स्थळाची. बुलढाणा जिल्ह्यातील लोक घाटावरचे आणि घाटाखालचे असा स्पष्ट भेद करतात. शेगाव घाटाखाली, चिखली घाटावर. सारांश आखूड करताना तालुका गळतो आणि ‘बुलढाणा जिल्ह्यात साथ’ एवढेच उरते. मग उंद्रीच्या मुलीसाठी आलेले स्थळ विचारात का पडले, याचे उत्तर कोणत्या वृत्तसंस्थेने द्यावयाचे? ज्या गावात काही घडलेच नाही, त्या गावाला तक्रार करण्यासही जागा उरत नाही.

या शंका केवळ तर्कावर उभ्या नाहीत. युरोपीय प्रसारण संघ आणि बीबीसी यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १८ देशांतील २२ सार्वजनिक प्रसारणसंस्थांनी १४ भाषांतून यंत्रसाहाय्यकांना बातम्यांविषयी प्रश्न विचारले. तपासलेल्या तीन हजारांवर उत्तरांपैकी ४५ टक्के उत्तरांत निदान एक तरी महत्त्वाचा दोष आढळला, आणि ३१ टक्क्यांत आधाराच्या उल्लेखाचेच गंभीर दोष होते. त्या भाषांत मराठी नव्हती. साधने विपुल असलेल्या भाषांची ही अवस्था असेल, तर जेथे साधने विरळ आहेत तेथे ती अधिक बरी असेल असे मानण्यास आधार नाही. उत्तरदायित्व कसे निसटते, याचा नमुनाही नजीकचाच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ॲपल कंपनीच्या सारांशसेवेने बीबीसीच्या नावाखाली एक खोटा मथळा वाचकांपुढे ठेवला. नाव एकाचे, वाक्य दुसऱ्याचे. बीबीसीने तक्रार केली आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने बातम्यांचे सारांश थांबविले. बीबीसीपाशी तक्रार ऐकवून घेण्याचे बळ होते, एवढाच याचा बोध. उंद्रीपाशी ते नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पॅरिस येथे जाहीर झालेली पत्रकारितेविषयीची सनद प्रसिद्ध मजकुराचे उत्तरदायित्व सर्वस्वी वृत्तसंस्थेवर ठेवते, आणि ते योग्यच आहे. ‘हा मजकूर यंत्रनिर्मित आहे’ अशी सूचना लावण्याचा आग्रहही योग्य आहे. परंतु अशी सूचना वाचकाला सावध करते आणि तेथेच थांबते. सावधगिरीचे ओझे ती वाचकाच्याच खांद्यावर टाकते. औषधाच्या बाटलीवर नुसते ‘जपून घ्या’ लिहून वैद्य मोकळा होत नाही.

यंत्राला वृत्तकक्षात स्थान नसावे, असा याचा निष्कर्ष नव्हे. लांबलचक शासननिर्णयातून संबंधित कलम शोधणे, ध्वनिमुद्रित मुलाखतीचे लेखन करणे, अंधांसाठी वृत्तपत्र वाचून दाखविणे, इतर भाषांतील शेतीविषयक संशोधन मराठीत आणण्याचा पहिला खर्डा तयार करणे, ही कामे ते करू शकते आणि तालुक्याच्या ठिकाणी एकटा राबणाऱ्या बातमीदाराला ते साहाय्य मोलाचे आहे. मात्र वाचलेला वेळ त्याला गावात जाण्यासाठी मिळणार, की त्या वेळेसोबत तो बातमीदारही कमी होणार, यावर या साहाय्याचे मूल्य ठरेल.

म्हणून जबाबदार वापराची कसोटी वृत्तकक्षाच्या बाहेर ठेवावी, असे सुचवावेसे वाटते. यंत्रसाहाय्याने तयार झालेल्या प्रत्येक बातमीत गाव, तालुका आणि दिनांक स्पष्ट असावा. ती तपासणाऱ्या माणसाचे नाव असावे. आणि दुरुस्ती मूळ बातमीइतक्याच ठळकपणे, त्याच वाहिनीवर, त्याच भाषेत व्हावी. आपल्या विभागातील संशोधकांना येथे एक काम करता येण्याजोगे आहे. जिल्ह्यातील गावांची नावे, त्यांची पर्यायी लेखने, तालुके आणि नामसाधर्म्य यांची पडताळलेली सूची करणे, आणि एखाद्या यंत्रवृत्तातील चूक दाखविली असता ती किती दिवसांत व कोणाच्या हातून दुरुस्त होते, याची नोंद ठेवणे. ज्या दिवशी उंद्रीतून केलेली तक्रार नाव असलेल्या माणसापर्यंत पोहोचेल आणि त्याचे उत्तर परत येईल, त्या दिवशी ‘जबाबदार वापर’ या शब्दांना अर्थ आला, असे म्हणता येईल.