जखमेचा सामू : मापन, उपचार आणि मर्यादा

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारणतः 4 ते 6 च्या दरम्यान आढळतो. शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी 1928 मध्ये या आवरणास 'आम्लाचे आच्छादन' असे संबोधिले. जखम होताच हे आच्छादन फाटते व आतील ऊतिद्रव बाहेर येतो. त्याचा सामू रक्ताप्रमाणे 7.4 च्या आसपास असतो. दीर्घकाळ न भरणाऱ्या जखमांत तो बहुधा 7 च्या वर राहतो, क्वचित 9 च्या जवळही पोहोचतो. यावरूनच सामू मोजून जखमेची प्रगती ओळखावी, आणि तो उतरवून जखम भरून आणावी, अशी दुहेरी कल्पना पुढे आली. हे दोन्ही दावे एकच मानले जातात, तेथेच घोटाळा होतो.

दुसऱ्या दाव्यामागील शास्त्रीय भूमिका भक्कम आहे. आम्लता वाढली की हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक सहजतेने सोडते. हा बोर परिणाम 1904 पासून ज्ञात आहे. जखमेतील काही जंतू युरियाचे विघटन करून अमोनिया निर्माण करतात. त्यामुळे सामू चढतो आणि पेशींना इजा पोहोचते. नव्याने तयार होणाऱ्या प्रथिनांचा नाश करणारी अनेक विकरेही उदासीन ते किंचित अल्कधर्मी माध्यमात अधिक क्रियाशील असतात. लव्हीन आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्येच जखमांच्या आम्लीकरणाचा पुरस्कार केला होता. महाराष्ट्रातही लातूर येथील बसवराज नागोबा व सहकाऱ्यांनी नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या जखमांवर 3 टक्के सायट्रिक आम्लाचा वापर केला. औषध स्वस्त, सहज मिळणारे. ग्रामीण रुग्णालयांच्या दृष्टीने ही बाब मोलाची आहे. मात्र त्यांतील बरेच अहवाल रुग्णमालिकांच्या स्वरूपाचे असून तुलनागटाचा अभाव जाणवतो.

हाच अभाव गेथिन व सहकाऱ्यांच्या 2008 मधील अभ्यासात दिसतो. 17 रुग्णांच्या 20 जखमांवर मानुका मधाचे ड्रेसिंग दोन आठवडे ठेवण्यात आले. सामूत 0.1 घट झाली असता जखमेच्या आकारात 8.1 टक्के घट आढळली. आरंभीचा सामू 8 वा अधिक असलेल्या जखमा मात्र लहान झाल्या नाहीत. निष्कर्ष आकर्षक आहे. परंतु सामू उतरल्याने जखम भरली, की भरू लागल्याने सामू उतरला, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. (सुश्रुताने व्रणोपचारात मध सांगितला आहे, हा दाखला अशा वेळी उत्साहाने दिला जातो. त्याने मधाची प्राचीनता सिद्ध होते, सामूची कारणमीमांसा नव्हे.)

मापनाची अडचण याहून मूलभूत आहे. सामूची मोजपट्टी लघुगणकीय असल्याने 0.1 चा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या संहतीत सुमारे 26 टक्के फरक होय. प्रयोगशाळेत सर्रास वापरली जाणारी दर्शक कागदपट्टी अर्ध्या वा पूर्ण एककाचाच फरक दाखविते. म्हणजे ज्या बदलावर हा सिद्धान्त उभा आहे, तो तिच्या नजरेस पडतच नाही. सपाट टोकाचा काचविद्युदग्र तो दाखवू शकतो, पण त्यासाठी नियमित प्रमाणीकरण व निर्जंतुकीकरण अटळ आहे. शिवाय ड्रेसिंग काढताच कर्ब वायू निसटतो आणि सामू चढू लागतो. एकाच जखमेच्या कडेला व मध्यभागी आकडे वेगळे येतात. पृष्ठभाग अल्कधर्मी असताना रक्तपुरवठा तुटलेल्या खोल ऊतीत लॅक्टिक आम्ल साचलेले असू शकते. अशा ठिकाणी 'आम्लता हितकारक' हे सूत्र निरर्थक ठरते.

सामूचे मोल नाकारण्याचे कारण नाही. एकाच रुग्णाच्या, एकाच जागी, ड्रेसिंग काढल्यानंतर ठरावीक वेळी, एकाच साधनाने घेतलेल्या नोंदींचा कल चिकित्सकास वेळीच सावध करू शकतो. सुटा आकडा हे करू शकत नाही. मधुमेही रुग्णाच्या तळपायावरील जखमेत रक्ताभिसरणाची तपासणी, पायावरील दाब हलका करणे व रक्तशर्करेचे नियंत्रण ही कामे आधीची आहेत. सामू उतरला या समाधानात ती लांबणीवर पडली, तर पाय गमावण्याची वेळ त्या रुग्णावर येते.