सहा तासांचं बंदर

आज सगळ्यात जास्त वाचलं जाणारं प्रवासलेखन पुस्तकात सापडत नाही. ‘बोट बंदराला लागल्यावर काय कराल?’ अशा मथळ्याची दहा मुद्द्यांची यादी असते, नाहीतर दीड मिनिटाचं रील. मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला क्रूझ जायला लागल्यापासून मराठीतही हा प्रकार जोरात आहे. समीक्षक त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. मीना प्रभूंच्या पुस्तकांवर परीक्षणं येतात, ‘सहा तासांत मुंबई’वर येत नाहीत. पण एखादं शहर, एखादं गाव बघण्यासारखं आहे की नाही, याचा निकाल आता ही यादीच लावते. म्हणून तिच्याकडे एक लेखनप्रकार म्हणून बघायला हवं, तिचं चांगलं-वाईट ठरवायला हवं. हे मी समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, नशिराबादच्या बाजूने लिहितोय. त्याचं कारण पुढे येईल.

आधी या प्रकाराचं बलस्थान बघू. ते आहे घड्याळ. जुन्या प्रवासवर्णनात लेखकाकडे वेळच वेळ असायचा. क्रूझच्या प्रवाशाकडे तो नसतो, आणि यादी लिहिणाऱ्याला हे माहीत असतं. बोट सकाळी आठला लागणार, संध्याकाळी पाचला सुटणार असं वेळापत्रक सांगतं. वाचणारा नऊ तास मोजतो. उतरायची रांग, कागदपत्रांची तपासणी, गोदीच्या फाटकापर्यंतचं अंतर आणि सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी बोटीवर हजर राहायचा नियम, एवढं वजा केलं की हातात जेमतेम सहा-सात तास उरतात. चांगली यादी ही वजाबाकी पहिल्या परिच्छेदातच करते.

बरीचशी रीलं ती करत नाहीत. गोव्यात क्रूझ लागते ती मुरगाव बंदरात, वास्कोला खेटून. पणजी तिथून तीसेक किलोमीटर, बागा-कळंगुट त्याच्याही पुढे. रीलमध्ये मात्र बोटीच्या शिडीवरून उतरलेला पाय पुढच्याच कटला बागाच्या वाळूत पडतो. मधला रस्ता, टॅक्सीचं भाडं, परतीच्या वेळची गर्दी हे सगळं गायब. मुंबईत आणखी एक गोष्ट गायब असते: वार. घारापुरीच्या लेण्या सोमवारी बंद असतात. लाँचला गेटवेवरून तिथे पोचायला तासभर लागतो. सोमवारी बंदरात आलेल्या बोटीवरच्या माणसाला या दोन वाक्यांचा जितका उपयोग आहे, तितका ड्रोनच्या दहा शॉट्सचा नाही.

घड्याळाची दुसरी बाजू म्हणजे भीती. बोट कंपनीनेच काढलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट सहसा थांबते. स्वतःच्या हिमतीवर गेलेल्यासाठी थांबत नाही. हा नियम खरा आहे, पण त्याच्या जोरावर बरंच काही विकलं जातं. वातानुकूलित बस, गळ्यात नंबराचा बिल्ला, पुढे झेंडा धरलेला माणूस. बॅलार्ड पियरच्या टर्मिनलवर उतरलेला माणूस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत पायी जाऊ शकतो, हे त्या माहितीपत्रकात सहसा नसतं. टाउन हॉल, म्हणजे १८३३ साली पूर्ण झालेली एशियाटिकची इमारत, त्याहून जवळ आहे. खुद्द बॅलार्ड इस्टेट जॉर्ज विटेटच्या आराखड्यानुसार पहिल्या महायुद्धाच्या काळात उभी राहिली. गेटवेही विटेटचंच, १९२४ सालचं. एकाच वास्तुरचनाकाराचं काम बंदराच्या फाटकापासून गेटवेपर्यंत चालत बघता येतं, आणि त्याला टॅक्सी लागत नाही. तरी यादी प्रवाशाला हँगिंग गार्डनला नेते.

आणि नेते धोबीघाटाला. महालक्ष्मीच्या पुलावर बस थांबते, लोक खाली बघतात, फोटो काढतात, बस पुढे जाते. खाली काम करणाऱ्या माणसाशी कुणाचं बोलणं होत नाही. मला या प्रकारातला मूळ दोष इथे दिसतो. जागा दाखवायची आणि माणूस पुसायचा, ही त्याची जुनी सवय आहे. १८६७ साली न्यूयॉर्कहून ‘क्वेकर सिटी’ नावाची बोट युरोप आणि पवित्र भूमीच्या सहलीला निघाली. आजच्या क्रूझची ती पणजी म्हणायला हरकत नाही. तिच्यावर मार्क ट्वेन होता, आणि त्या प्रवासावरचं त्याचं ‘द इनोसन्ट्स अब्रॉड’ १८६९ साली आलं. त्यात ही मंडळी गावोगावच्या वाटाड्यांना सरसकट ‘फर्ग्युसन’ म्हणतात, कारण त्यांची खरी नावं उच्चारायचे कष्ट कुणाला नको असतात. ट्वेन यात स्वतःच्या टोळीचीच खिल्ली उडवतो, म्हणून ते वाचवतं. आजच्या रीलमधला ‘आपले टॅक्सीवाले भैया’ हा तोच फर्ग्युसन आहे, फक्त खिल्ली उडवणारा ट्वेन तिथे नाही.

मराठी माणसाला बंदरातला थांबा काही नवा नव्हता. कोकण बोट मुंबईहून निघायची ती दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी थांबत जायची. बऱ्याच ठिकाणी धक्का नसे, म्हणून बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसं, बोचकी, आंब्याच्या पेट्या पडावातून ने-आण होत. त्या बंदरावर ‘बघण्यासारखं काय आहे’ असा प्रश्न कुणी विचारत नसे. कुणी कुणाला न्यायला आलेलं असे, कुणाची मनिऑर्डर चुकलेली असे, कुणाची लेक माहेरी येत असे. बंदर भरलेलं असे ते कामाच्या माणसांनी. क्रूझच्या प्रवाशाला तिथे काम नाही, हे मान्य. पण जिथे तो उतरतो तिथे बाकी सगळ्यांना काम आहे, एवढं भान यादी लिहिणाऱ्याला असायला काय हरकत आहे?

आता नशिराबाद. बॅलार्ड पियरशी या गावाचा संबंध लावायचा तर रूळ धरून यावं लागतं. १९१२ साली सुरू झालेली पंजाब लिमिटेड, म्हणजे आजची पंजाब मेल, विलायतेच्या टपाल-बोटीच्या दिवशी बॅलार्ड पियरच्या मोल स्टेशनातून सुटायची. बोटीतून उतरायचं, सामान डब्यात चढवायचं, थेट पेशावरपर्यंत जायचं. मुंबई न बघता मुंबई ओलांडायची ही उत्तम सोय होती. ती गाडी इटारसीच्या वाटेने जायची, म्हणजे जळगाव आणि भुसावळ मध्ये. या दोन स्टेशनांच्या मध्ये भादली आहे, आणि भादलीजवळ नशिराबाद. बोटीवरून आलेल्या साहेबाच्या खिडकीतून ते सरकून गेलं असणार, कदाचित अंधारात.

पुढे त्याच रुळांवरून आलेले काही प्रवासी जळगावला उतरू लागले, कारण तिथून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. पर्यटनाच्या भाषेत बोलायचं तर जळगाव हे अजिंठ्याचं बंदर झालं. सगळं तसंच. पहाटेच्या गाडीने यायचं, स्टँडवरून एसटी धरायची, फर्दापूरच्या टी-पॉइंटला उतरून तिथल्या बसने लेण्यांपर्यंत जायचं, संध्याकाळी परत येऊन रात्रीची गाडी पकडायची. इथेही सोमवार आहेच, अजिंठाही त्या दिवशी बंद असतं. आणि इथेही यादी तशीच लिहिली जाते. प्रवासाच्या मार्गदर्शक पुस्तकांत जळगावच्या वाट्याला बहुधा दोन-चार ओळी येतात: अजिंठ्यासाठी मुक्कामाला सोयीचं, हॉटेलं स्टेशनजवळ, पुढे चला.

यावर कुणी म्हणेल, बरोबरच आहे की. दोन हजार वर्षांची चित्रं बघायला आलेल्या माणसाने जळगावात काय बघायचं? हा आक्षेप मला मान्य आहे. अजिंठा पहिला, यात वाद नाही. माझा मुद्दा उरलेल्या वेळेचा आहे. लेण्यांवरून परत आल्यावर गाडीला तीन-चार तास असतात. ते प्रतीक्षालयात फोन चार्ज करत काढले जातात, कारण यादीने सांगितलंय की इथे काही नाही. जुन्या जळगावात चौधरी वाडा आहे, बहिणाबाई जिथे राहिल्या, दळता-कांडता ओव्या रचल्या तो. १९५१ साली त्या गेल्या तेव्हा त्यांचं एकही पुस्तक नव्हतं. कविता त्यानंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आल्या. त्यांचं माहेर आसोदा शहराला लागूनच आहे. जैन हिल्सवर २०१२ सालापासून गांधीतीर्थ आहे. आणि हिवाळ्यात आलात तर भरीत आहे: हिरवी-पांढरी लांबट वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून, मिरची-लसूण घालून बडग्याने ठेचलेली, सोबत कळण्याची भाकरी. हे सगळं रिक्षाच्या टप्प्यात आहे. यादीत नाही, एवढंच.

यात पर्यटकाचं थोडं नुकसान होतं. जास्त नुकसान इथल्या माणसाचं होतं, आणि हा लेख त्यासाठी आहे. बाहेरच्याने लिहिलेली यादी वाचून वाचून आपण तिचा निकाल मान्य करून टाकतो. जळगाव, भुसावळ, नशिराबादच्या एखाद्या विशीतल्या मुलाला विचारा, तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे? ‘आमच्याकडे काही नाही, अजिंठा आहे तिकडे.’ हाच मुलगा गोव्याला जाऊन चाळीस रीलं करतो. नशिराबादला तर हायवेनेही वळसा घातलाय. बाहेरच्यांना ते नाव आता टोलनाक्यामुळे माहीत. ज्या गावाचं वर्णन कुणी करत नाही, तिथल्या माणसाला स्वतःच्या गावाबद्दल बोलायला शब्दच उरत नाहीत. मग स्टँडवर उतरलेल्या पाहुण्याला तो गूगल मॅप दाखवतो.

याचा उलटा धोकाही आहे. उद्या उत्साहाच्या भरात आपण शेतातल्या भरीत पार्टीचा ‘अनुभव’ विकायला काढू, दळणाऱ्या बाईला रांगेने बघायला लावू, आणि धोबीघाटाचा पूल इथेच बांधून ठेवू. म्हणून यादीत भर घालून भागणार नाही, यादी लिहायची रीत बदलावी लागेल. मराठीत तिचा नमुना आहे. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ला आपण १८५७ साठी वाचतो. पण वरसईहून दक्षिणेच्या आशेने निघालेला हा भिक्षुक वाटेवरचे मुक्काम, सोबती, चोरांचं भय, खर्च हे सगळं सांगत जातो. कुठे कसं पोचलो आणि कुणी आसरा दिला, याला त्याच्या लेखी प्रेक्षणीय स्थळाइतकीच किंमत आहे. माणसं नावानिशी येतात, फर्ग्युसन म्हणून नाही.

तर थांब्यावरच्या लेखनाला मी चार कसोट्या लावीन. परतीची वेळ आधी सांगितली आहे का? जायचं कशाने, किती वेळात, कुठल्या वारी नाही, हे लिहिलं आहे का? थांब्यापासून पायी जाता येईल असं निदान एक ठिकाण आहे का? आणि तिथे काम करणाऱ्या कुणाशी तरी लेखक बोलला आहे का? मुंबई बंदराच्या बहुतेक याद्या पहिल्या कसोटीला कशाबशा उतरतात, चौथीला जवळजवळ कुणी उतरत नाही. जळगावच्या याद्या पहिल्या दोन उत्तम निभावतात, कारण गाडी आणि एसटीची वेळ त्यांना सांगावीच लागते. तिसरी त्या विचारातच घेत नाहीत.

हे बदलायला मोठा लेखक लागत नाही. भादली स्टेशनात उतरलेल्या, परतीच्या पॅसेंजरला तीन तास असलेल्या अनोळखी माणसासाठी एक पान लिहून बघा. नशिराबादपर्यंत कसं यायचं, रिक्षा मिळते का, चहा कुठे, बाजार कुठल्या वारी, कुणाशी बोलायचं आणि कुणाच्या कामात लुडबुड करायची नाही. पान भरलं नाही तर दोष गावाचा नसेल. पुन्हा एकदा स्टँडवरून चालत जा, आणि या वेळी वाटेतल्या चार जणांशी बोला.