योगायोगाच्या गोष्टीत राहून गेलेले

एपस्टाइन-बार विषाणूची गोष्ट लोकप्रिय विज्ञानलेखनात बहुधा एकाच पद्धतीने सांगितली जाते. १९६४ मध्ये लंडनमधील संशोधकांना युगांडातील मुलांच्या गाठींपासून वाढवलेल्या पेशींत हा विषाणू दिसला. १९६७ मध्ये फिलाडेल्फियात हेन्ले दांपत्याच्या प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ मोनोन्यूक्लिओसिसने आजारी पडली. ताप, घसादुखी, मानेतील गाठींची सूज आणि नंतरचा दीर्घ थकवा, असा हा विद्यार्थ्यांत दिसणारा आजार. त्यानंतर तिच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली आणि कोडे सुटले!

गोष्ट रंजक आहे; पण वर्गात ती इथेच थांबवण्याला आमचा आक्षेप आहे. एक तर, त्या तंत्रज्ञाचे रक्त आजारापूर्वी तपासलेले होते आणि त्यात ही प्रतिपिंडे नव्हती. हे ठाऊक नसते, तर योगायोगाला अर्थच उरला नसता. दुसरे म्हणजे, एका रुग्णावरून फार तर शंका येते. ती पुराव्यापर्यंत नेली येल विद्यापीठाने. तेथील नीडरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांचे सीरम काही वर्षे गोठवून ठेवले होते. १९६८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रवेशाच्या वेळी ज्यांच्यात प्रतिपिंडे होती, त्यांच्यापैकी कोणालाही हा आजार झाला नाही. आजारी पडले ते प्रतिपिंडे नसलेल्यांपैकी काही जण, आणि आजारात त्यांच्या रक्तात ती निर्माण झाली.

'प्रतिकारशक्ती' या शब्दाबाबतही अशा लेखनात घोटाळा होतो. प्रतिपिंडे असणे म्हणजे विषाणू नाहीसा होणे नव्हे. तो बी-लसिकापेशींत जन्मभर दडून राहतो. लहानपणीचा संसर्ग बहुधा लक्षातही येत नाही. तोच तरुणपणी झाला तर आजार होण्याची शक्यता अधिक. आपल्याकडे बहुतेकांना तो बालपणीच होऊन जातो, म्हणून आपल्या महाविद्यालयांत या आजाराचे नाव फारसे ऐकू येत नाही.

साठवलेल्या सीरमचे मोल २०२२ मध्ये पुन्हा दिसले. एक कोटीहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या नोंदी व साठवलेले नमुने यांच्या आधारे हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवले की, या विषाणूच्या संसर्गानंतर मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचा धोका ३२ पटींनी वाढतो.

शिक्षकांनी तंत्रज्ञाची गोष्ट जरूर सांगावी. पण शेवट सांगण्यापूर्वी मुलांना विचारावे : ही शंका खरी ठरवायची, तर कोणाचे रक्त हवे, आणि केव्हाचे? विज्ञानाची पद्धत या प्रश्नात आहे.