खूण आणि ओळख : 'ओडिसी' व पानिपतोत्तर तोतया-प्रकरण

ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'च्या सोळाव्या प्रकरणात अभिज्ञानाचे प्रकार सांगताना बाह्य खुणांवरून घडणाऱ्या ओळखीला कलादृष्ट्या सर्वांत खालचे स्थान दिले आहे. तेथे उदाहरण आहे ते ओडिसिअसच्या व्रणाचे. पाय धुताना वृद्ध दाई युरिक्लियाच्या हाताला तो व्रण अकस्मात लागतो. पुढे आपल्या सेवकांपुढे ओडिसिअस तो स्वतःच उघडा करतो. ॲरिस्टॉटलला यांपैकी पहिली रीत सरस वाटते. हा भेद वरवर रचनेचा दिसतो. परंतु 'ओळख पटविण्याचा अधिकार कोणाचा?' हा प्रश्नही त्यात दडलेला आहे. अठराव्या शतकातील मराठी इतिहासाच्या एका प्रकरणाशेजारी 'ओडिसी' ठेवून वाचली असता तो अधिक स्पष्ट होतो.

'ओडिसी'त परतलेल्या नायकाच्या दोन कसोट्या आहेत. एकविसाव्या सर्गातील धनुष्य ही सार्वजनिक कसोटी. जो धनुष्य वाकवील तो घराचा धनी, हे सर्वांसमक्ष ठरते आणि बाविसाव्या सर्गात सूडही पूर्ण होतो. तरीही पेनेलपीची खात्री पटत नाही. पराक्रम हा तिच्या दृष्टीने पुरावा नव्हेच. देवही माणसाचे रूप घेऊन पराक्रम करू शकतात. तेविसाव्या सर्गात ती पलंग खोलीबाहेर काढण्याची आज्ञा देते. जिवंत ऑलिव्ह वृक्षाच्या खोडावर स्वतः उभारलेला पलंग हलला कसा, या विचाराने ओडिसिअस संतापतो, आणि त्या संतापातच तो ओळखला जातो. ही गोष्ट त्या दोघांखेरीज एका दासीलाच ठाऊक होती. सूडाने घर मोकळे होते. आगमन मात्र या खाजगी ज्ञानाने सिद्ध होते.

आता पानिपत. 14 जानेवारी 1761 रोजी सदाशिवरावभाऊ रणांगणात दिसेनासे झाले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाच्या फारसी वृत्तान्तानुसार एका शिरविरहित देहाची ओळख पटविताना अंगावरील खुणा पाहण्यात आल्या. मुजफरखानाने पूर्वी केलेल्या कट्यारीच्या वाराचा पाठीवरील व्रण ही त्यांतील एक. होमरच्या काव्यात जो व्रण परतलेल्या जिवंत माणसाची साक्ष देतो, तोच येथे मृत्यूची साक्ष देतो. पण ही साक्ष परमुलखात, शत्रूच्या छावणीत झाली. पुण्याच्या घराला ती प्रत्यक्ष लाभली नाही. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पेनेलपी शेला विणून उसवते आणि काळ थोपविते; पार्वतीबाईंच्या कपाळीचे कुंकू तेच कार्य करीत होते.

या थोपविलेल्या काळात तोतया अवतरला. तो बुंदेलखंडाकडील कनोजा ब्राह्मण, नाव सुखनिधान असे सांगतात. नेपियर टाउनचा परिसर ज्या जबलपुरात आहे, त्याच्या उत्तरेस पसरलेल्या या प्रदेशात सागरसारखी मराठी ठाणी होती. तेथे पुणेरी दरबाराच्या वार्ता व रीतीभाती कानावर पडणे अवघड नव्हते, असे अनुमान करता येते. माधवराव पेशव्यांच्या काळात तो कैदेत पडला. 1776 मध्ये रत्नागिरीहून सुटल्यावर त्याच्याभोवती मोठी फौज जमली, कोकणातील किल्ले त्याच्या ताब्यात आले. अखेर पराभूत होऊन तो पकडला गेला आणि त्याच वर्षी पुण्यात त्यास देहान्त शासन झाले.

येथे होमरच्या रचनेचा क्रम उलटा झालेला दिसतो. तोतयाने धनुष्याची कसोटी जवळजवळ जिंकली होती. फौज आणि किल्ले यांनी त्याला भाऊ मानले. त्याला अशक्य होती ती पलंगाची कसोटी. परंतु निवाडा अंतःपुरात न होता दरबारात झाला. स्वतः पानिपतावरून परतलेले आणि तेथे आईला मुकलेले नाना फडणीस त्या दरबाराचे सूत्रधार होते. 'ओडिसी'त परतणारा सूड घेतो. येथे परत आल्याचे सोंग करणाराच शासनास पात्र ठरतो. निर्णय न्याय्य असला, तरी त्याने घराची प्रतीक्षा संपविली नाही. तोतया खोटा ठरल्याने भाऊंचा मृत्यू सिद्ध होत नव्हता.

न. चिं. केळकर यांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक या प्रकरणावर आधारलेले आहे. अशा विषयाचे आकर्षण केवळ कपटाच्या उकलीत नसते. तोतयाच्या मागे गेलेल्यांना निव्वळ लोभी किंवा भोळे म्हणणे सोपे आहे. पण देह न पाहिलेल्या, क्रिया न झालेल्या शोकाला परतणारा माणूस हवाच असतो. होमरने ती मागणी काव्यात पुरविली, आणि तीही पेनेलपीच्या संशयातून गाळून घेऊन. पुण्यात मागणी होती, संशयही होता. परतणारा मात्र नव्हता. म्हणून 'ओडिसी'च्या तौलनिक अभ्यासात ओडिसिअसचे प्रतिरूप शोधण्यापेक्षा पेनेलपीच्या संशयाचा शोध घेणे अधिक फलदायी ठरेल. परतलेल्याची कथा त्याच्या प्रवासाने सुरू होत असली, तरी ती पूर्ण होते ती घरी राहिलेल्या माणसाच्या संमतीने.