बँक्सीचे ‘नेपाम’ : ओळखीचे हास्य

बँक्सी या अनामिक ब्रिटिश चित्रकाराचे ‘नेपाम’ (२००४) हे स्क्रीनप्रिंट भिंतीवरील स्टेन्सिलची भाषा कागदावर आणते. मध्यभागी ८ जून १९७२ रोजी व्हिएतनाममधील ट्रांग बांग येथे टिपलेल्या छायाचित्रातील नऊ वर्षांची, होरपळलेली, विवस्त्र किम फुक आहे. तिचे हात मिकी माऊस आणि रोनाल्ड मॅकडोनाल्ड यांनी धरले आहेत. रोनाल्ड हा खरे तर कार्टून नव्हे, जाहिरातीतला विदूषक. पण बालमन असा भेद करीत नाही.

चित्राचे मर्म या दोघांच्या हास्यात आहे. ते क्रूर नाही. लहानपणी पाहिले तसेच, जराही न बदललेले आहे, म्हणूनच असह्य होते. मुलीचा आक्रोश ज्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, त्यांच्यावर आपण माया केली, ही जाणीव प्रेक्षकाला अस्वस्थ करते.

हे चित्र मर्यादित आवृत्तीत, सुमारे १५० स्वाक्षरीयुक्त व ५०० स्वाक्षरीविना प्रतींत निघाले. भिंतीवरचे चित्र येता-जाता कोणीही पाहतो. ही प्रत संग्राहकाच्या दिवाणखान्यात जाते व दुर्मीळ म्हणून महागते. उपभोगवादावरील टीकेची ही गत बोलकी आहेच. परंतु प्रस्तुत लेखकास अधिक खटकते ते किम फुकचे रूपांतर. मूळ छायाचित्रातील रस्ता, धूर, इतर मुले, मागून चालणारे सैनिक सारे गाळले आहे. बॉम्ब दक्षिण व्हिएतनामच्याच विमानाने टाकला होता, हा गुंतागुंतीचा संदर्भही त्याबरोबर गळतो. पुढे कॅनडात स्थायिक होऊन युद्धग्रस्त मुलांसाठी काम करणारी ही स्त्री येथे मिकीइतकीच चटकन ओळखू येणारी आकृती होऊन राहते.