खाशाबांचं पदक आणि आपली गोष्टीची हौस

खाशाबा जाधवांवर मराठीत काहीही वाचा, घर गहाण टाकणारे प्राचार्य खर्डेकर भेटतातच. गोष्ट खरी आहे, मोठीही आहे. माझी तक्रार एवढीच की आपलं लिखाण तिथेच रेंगाळतं. १९४८ला लंडनमध्ये सहावा आलेला हा पैलवान १९५२ला हेलसिंकीत ब्राँझपर्यंत कसा पोचला? मातीतला गडी मॅटवर कसा रुळला? हे गहिवरून कळत नाही. त्याला पत्रं, फोटो, पावत्या, सरावाच्या नोंदी लागतात.

२०१७मध्ये जाधव कुटुंबाने ते पदकच लिलावात काढायची भाषा केली. सरकारने गोळेश्वरला कबूल केलेली कुस्ती अकादमी होत नव्हती म्हणून. हळहळ भरपूर झाली. पण स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक सांभाळायची जबाबदारी एकट्या घरावर का, हा प्रश्न मला क्वचितच वाचायला मिळाला.

आणि हे त्या भाषेत, जिच्यात करंदीकर-मुजुमदारांनी बडोद्याहून ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड काढले, डावपेचांच्या चित्रांसकट! तेव्हा स्कॅनर नव्हता. आता तो तुमच्या-माझ्या खिशात आहे.

मी निघोजेत राहतो. आमच्या चाकण पट्ट्यात जत्रेच्या आखाड्याची हँडबिलं निघतात. जोड, इनाम, वस्ताद, तालीम, सगळं त्यावर छापलेलं असतं. आखाडा उठला की त्यात भेळ बांधली जाते. जुनी दोन हाती लागली, त्यांचे फोटो काढून ठेवलेत. एकावर नुसती तिथी आहे, साल नाही.