कार्यानुभवाचा तास आणि ‘का’चा रकाना

आज कार्यानुभवाच्या तासाबद्दल बोलू. आपल्यापैकी पुष्कळांना तो आठवत असेल. घोटीव कागद, पुठ्ठा, डिंक, आणि आदल्या रात्री जागून वस्तू पुरी करणारी आई!

गेल्या वर्षी आम्ही एका माध्यमिक शाळेत पाहुणे म्हणून गेलो होतो. आठवीची मुले पुठ्ठ्याचे पेनस्टँड करत होती. टेबलावर नमुना ठेवलेला. एका मुलीने तळाशी आतून खडा चिकटवला होता. आम्ही विचारले, “खडा कशाला गं?” ती म्हणाली, “सर, कात्री ठेवली की कलंडतो ना.” म्हणजे बघा, तिने वस्तू वापरून पाहिली, दोष हेरला, कारण ओळखले, उपाय केला. बाईंनी तिचे दोन गुण कापले. का, तर नमुन्यात खडा नाही.

बाईंना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे साठ मुले आणि हातात पस्तीस मिनिटे. गुणपत्रकात नीटनेटकेपणाला रकाना आहे, ‘का’ला नाही. आमची टीका त्या रकान्यावर आहे.

अनुभवी माणसाला अमुक केले की तमुक होते हे ठाऊक असते. ज्याला ‘टेख्ने’ म्हणजे कला साधली आहे, त्याला ते का होते हेही ठाऊक असते, असा भेद ॲरिस्टॉटलने केला. गांधीजींनीही १९३७ साली ‘हरिजन’मधून हेच मांडले, की हस्तोद्योग यांत्रिकपणे न शिकवता प्रत्येक क्रियेमागचे कारण मुलाला कळले पाहिजे. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली. आम्ही तास घेतला, कारण तेवढे गाळले.

कोणी म्हणेल, मग विचाराची प्रक्रियाच शिकवा. इंग्लंडने १९९० मध्ये ‘डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात आणला. गरज ओळखा, आराखडा करा, बनवा, तपासा. उत्तम! पण प्रक्रियेलाच गुण मिळू लागल्यावर काही मुले वस्तू आधी करत आणि आराखडे मागाहून काढत. म्हणजे तिथेही कर्मकांडच झाले. आपल्याकडे आता शाळांत थ्रीडी प्रिंटर येत आहेत. सूचनापत्रक पाहून जोडलेला रोबो हा महागडा पेनस्टँडच, नाही का?

मग तपासणार कोण? आमच्या मते, वस्तू वापरणारा. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम उभा राहिला: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. त्यात मुले गावाला लागणारी कामे करून देतात. गावकऱ्याला दिलेले फाटक नीट लागले नाही, तर तो नीटनेटकेपणाचे गुण देत नाही. फाटक परत पाठवतो. आणि मग ‘का’ विचारावेच लागते.

प्रत्येक शाळेचे पाबळ होणार नाही, हे आम्ही जाणतो. पण एक रकाना तर वाढवता येईल: ‘तू काय बदललेस, आणि का?’ त्या मुलीकडे उत्तर तयार होते. विचारायचे आपण राहून गेलो.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.